भारत किती रुई मागवतो आणि आग्नेय आशिया किती? तुलना करायची तर अशी करा

मुंबईत काळबादेवीला एका छोट्या यार्नच्या, म्हणजे सुताच्या, ऑफिसात मी काम करते. काम म्हणजे बिलं, एलसी (बँकेचं हमीपत्र), आणि शेठच्या डोक्यात सकाळी चहाबरोबर जो प्रश्न येईल त्याचं उत्तर शोधणं. मागे एकदा आला, "मॅडम, ते व्हिएतनामवाले आपल्यापेक्षा जास्त कॉटन मागवतात म्हणे, बघा ना जरा, आपण किती आणि तो सगळा पट्टा किती." मला वाटलं अर्ध्या तासाचं काम, दोन आकडे काढायचे आणि शेजारी ठेवायचे. दोन दिवस गेले, आणि पहिलं उत्तर जे दिलं ते चुकलं. ते कसं ते खाली येईलच. पण त्यातून जी पद्धत बसली ती इथे लिहून ठेवतेय, कॉलेजचा प्रोजेक्ट असो की ऑफिसचं काम, तुमचे दोन दिवस तरी वाचतील.

उदाहरण भारत विरुद्ध आग्नेय आशियाच ठेवते. देश आणि प्रदेश कुठलेही घ्या, रीत तीच.

आधी ठरवा, कापूस म्हणजे काय

आपल्याकडे शेतकरी विकतो तो कापूस, सरकीसकट. जिनिंगमध्ये सरकी निघाली की राहते ती रुई, आणि क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३ ते ३५ किलो, बाकी बहुतेक सरकीच. जहाजातून येते ती रुई. इंटरनेटवर 'कच्चा कापूस' असं भाषांतर सगळीकडे दिसतं आणि त्यात दोन्ही एकत्र होतात, म्हणून कुणी विदर्भातल्या बाजार समितीतल्या आवकीचे क्विंटल आणि आयातीचे टन शेजारी मांडले की तिथेच तिपटीचा घोळ झाला.

व्यापाराच्या आकड्यांत हे सगळं कोडवर चालतं. एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीच्या प्रत्येक मालाला दिलेला नंबर. आपला ५२०१, म्हणजे न पिंजलेला, न विंचरलेला कापूस. आपल्याला हाच हवा. ५२०२ म्हणजे वेस्ट, ५२०३ पिंजलेला-विंचरलेला, आणि ५२०५ पासून पुढे सूत सुरू होतं. बरेच जण नुसता '५२' टाकून डाउनलोड करतात आणि मग सूत, कापड सगळंच त्यात येतं, मग आकडा बघून छाती दडपते. चार आकडी कोड टाका, बस.

मग प्रदेशात कोण कोण, ते लिहून काढा

हे काम कंटाळवाणं वाटतं पण अर्धी भांडणं इथेच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आग्नेय आशियात ११ देश आहेत: व्हिएतनाम, इंडोनेशिया, थायलंड, मलेशिया, म्यानमार, कंबोडिया, लाओस, फिलिपिन्स, सिंगापूर, ब्रुनेई आणि तिमोर-लेस्ते. बांगलादेश यात नाही. परत लिहिते, बांगलादेश नाही! तो दक्षिण आशियात. पण रुईच्या बाजारात व्हिएतनाम-बांगलादेश अशी जोडी एका दमात बोलली जाते त्यामुळे लोक बिनधास्त दोघांना एकाच टोपलीत टाकतात, आणि बांगलादेश म्हणजे काही लहानसहान गिऱ्हाईक नाही, वर्षाला ७०-८० लाख अमेरिकन गाठींच्या घरात त्याची आयात असते (गाठ म्हणजे रुईचा दाबून बांधलेला गठ्ठा, वजनाचं पुढे येतंय). तो आत घेतला की तुमचं उत्तरच बदललं.

समजा तुम्ही भारताची तुलना दक्षिण आशियाशी करताय, तर आणखी एक गंमत. भारत स्वतःच त्या प्रदेशात आहे, म्हणजे तुम्ही भारताला भारत अधिक शेजारी यांच्यासमोर उभं करताय. भारत वजा करून 'उरलेला दक्षिण आशिया' असं लिहा. आणि यादी कुणाची वापरली तेही लिहा, कारण संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण आशियात इराण आहे, जागतिक बँकेच्या नाही, आणि जागतिक बँकेने तर २०२५ मध्ये पाकिस्तान-अफगाणिस्तान उचलून मध्यपूर्वेच्या गटात टाकले. पाकिस्तान रुईचा मोठा आयातदार आहे, तो गटातून गेला की आलेख धाडकन खाली येतो आणि बघणाऱ्याला वाटतं मंदी आली.

गाठ म्हणजे किती किलो (इथे मी तोंडावर पडले)

आता माझी फजिती ऐका. भारताच्या २०२४-२५ हंगामाचा कॉटन असोसिएशनचा आकडा होता ४० लाखांच्या थोडा वर, धरा ४१ लाख गाठी. व्हिएतनामचा अमेरिकन कृषी खात्याचा आकडा ८० लाखांच्या जवळ. मी शेठना सांगून मोकळी झाले की आपण एकट्या व्हिएतनामच्या निम्मे आहोत. समोर एक जुने दलाल बसले होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि एवढंच विचारलं, "गाठ कुठली?"

भारतीय गाठ १७० किलोची. अमेरिकन कृषी खातं ज्या गाठीत मोजतं ती ४८० पाउंडांची, म्हणजे २१७.७ किलो. नाव एकच, वजनात २८ टक्क्यांचा फरक. म्हणजे आपल्या ४१ लाख गाठी झाल्या ६.९७ लाख टन, आणि त्यांच्या ८० लाख झाल्या १७.४ लाख टन. निम्मे नाही, ४० टक्के.

तेव्हापासून माझा नियम असा की शीटमध्ये पहिला कॉलम मूळ आकडा, दुसरा मूळ एकक, आणि तिसरा टन. तुलना फक्त टनांच्या कॉलमवर. भारतीय गाठींना ०.१७ ने गुणा, अमेरिकन गाठींना ०.२१७७ ने. फॉर्म्युला बरोबर बसलाय का ते तपासायला एक सोपी ट्रिक सांगते. ऑस्ट्रेलियाशी आपला जो करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला त्यात बिनड्युटी रुईचा कोटा ५१,००० टनांचा आहे. त्याला ०.१७ ने भागून बघा, बरोब्बर ३ लाख गाठी येतात. तुमच्या शीटमध्ये तसं आलं नाही तर कुठेतरी शून्य सांडलंय.

आणि हो, अमेरिकन खात्याच्या टेबलात आकडे 'हजार गाठी'त असतात. ८,००० दिसलं म्हणजे ८ हजार नाही, ८० लाख.

२०२४-२५ म्हणजे नक्की कधी?

हा मला सगळ्यात आवडता भाग आहे कारण इथे चूक करूनही कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या वाणिज्य मंत्रालयाचं २०२४-२५ म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५. रुई बाजाराचं २०२४-२५ म्हणजे ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५, कारण आपला हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. अमेरिकन कृषी खात्याचं २०२४/२५ म्हणजे ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५. आणि संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेडवर, म्हणजे त्यांच्या व्यापाराच्या आकड्यांच्या साइटवर, असतं कॅलेंडर वर्ष, जानेवारी ते डिसेंबर. चार वर्षं, नावं जवळपास सारखी.

"दोन-चार महिन्यांनी काय फरक पडतो?" पडतो, आणि भारताच्या बाबतीत तर फारच पडतो. २०२१ च्या बजेटमध्ये रुईवर आयात ड्युटी लागली, ५ टक्के बेसिक, ५ टक्के कृषी सेस आणि त्यावर सरचार्ज, एकूण ११ टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरपेक्षा लांब स्टेपलला (स्टेपल म्हणजे रुईच्या तंतूची लांबी) माफी मिळाली. मग १९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच रुईवरची ड्युटी काढली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, नंतर ती मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. आता बघा, ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये बिनड्युटी जो माल उतरला तो आपल्या हंगामाच्या २०२४-२५ मध्ये धरला जातो, पण अमेरिकन वर्ष जुलैलाच संपलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या २०२४/२५ मध्ये तो माल नाहीच, पुढच्या वर्षात आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आणि तरी जुळत नाहीत. मग लोक म्हणतात अमुक संस्था खोटं बोलते.

उपाय दोन. सोपा म्हणजे देश आणि प्रदेश, दोन्हींचे आकडे एकाच ठिकाणाहून घ्या, मग वर्ष आपोआप तेच राहतं. (वर मी ४१ आणि ८० शेजारी ठेवले ते गाठींचा फरक दाखवायला, शेवटच्या टेबलात तसं करायचं नाही.) कष्टाचा उपाय म्हणजे महिन्याचे आकडे काढून स्वतः बेरीज करा. भारतासाठी वाणिज्य मंत्रालयाच्या डेटा बँकेत महिन्यावारी आयात मिळते, आग्नेय आशियातल्या सगळ्या देशांची मिळेलच असं नाही, म्हणून मी बहुतेक वेळा पहिलाच उपाय धरते.

आकडे आणायचे कुठून

नुसता ट्रेंड हवा असेल तर अमेरिकन कृषी खात्याची पीएसडी ऑनलाइन नावाची सोय बेस्ट आहे. फुकट आहे. कमॉडिटीत कॉटन, अॅट्रिब्यूटमध्ये इम्पोर्ट्स, मग देश आणि वर्षं निवडा, झालं. तिथेच उत्पादन, वापर, शिल्लक साठा पण टिक करून घ्या, आत्ता नको वाटलं तरी घ्या, पुढे लागणार आहे. फक्त लक्षात ठेवा की ताज्या वर्षाचा आकडा अंदाज असतो आणि दर महिन्याला बदलतो, त्यामुळे डाउनलोडची तारीख शीटवर लिहा. मी लिहिली नव्हती, आणि महिन्याभराने शेठनी तोच आकडा परत मागितला तेव्हा माझ्याकडे दोन वेगवेगळे आकडे होते आणि दोन्ही माझेच.

माल कुठून येतो तेही हवं असेल, म्हणजे ब्राझील किती, अमेरिका किती, ऑस्ट्रेलिया किती, तर कॉमट्रेड. रिपोर्टर म्हणजे मागवणारा देश, पार्टनर म्हणजे आयातीत बहुधा माल मुळात जिथला तो देश, फ्लो म्हणजे आयात, कोड ५२०१. इथे दोन खड्डे आहेत. एक, पार्टनरच्या यादीत 'वर्ल्ड' नावाची एक ओळ असते ती म्हणजे सगळ्या देशांची बेरीजच असते, ती ठेवून पिव्होट (एक्सेलचं बेरजेचं टेबल) लावलात की सगळं दुप्पट. दोन, काही देश वेळेवर रिपोर्टच देत नाहीत. प्रदेशाची बेरीज करताना अशा देशाचा रिकामा रकाना एक्सेल गुपचूप शून्य धरतं आणि तुमच्या प्रदेशाची आयात त्या वर्षी पडलेली दिसते. रिकामं ते रिकामं आणि शून्य ते शून्य, दोन्हींना वेगळा रंग द्या.

रिकामा रकाना भरायचा तर उलट्या बाजूने जायचं. तो देश सांगत नसेल तर त्याला विकणारे सांगतात. ब्राझील, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत, पश्चिम आफ्रिकेतले देश यांची त्या देशाला झालेली निर्यात जोडत जा. याला मिरर डेटा म्हणतात. पण जोडताना भान ठेवा, निर्यातीची किंमत एफओबी असते, म्हणजे माल जहाजात चढेपर्यंतची, आणि आयातीची सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून, त्यामुळे रकमा थोड्या कमी दिसणारच. वजनाला तो त्रास नाही. वजनाला त्रास आहे तो तारखेचा, डिसेंबरात ब्राझीलच्या सांतोस बंदरातून निघालेली रुई पुढच्या वर्षी उतरते, एकाच्या वहीत जुनं वर्ष आणि दुसऱ्याच्या वहीत नवं.

भारताच्या उत्पादनासाठी दोन दारं आहेत आणि दोन्ही मुंबईतच. एक कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया, कॉटन ग्रीनला, हार्बर लाइनच्या ज्या स्टेशनवरून आपण रोज जातो आणि नावाचा विचारच करत नाही तिथेच. दुसरं टेक्स्टाइल कमिशनरचं ऑफिस, न्यू मरीन लाइन्सला, सरकारी कमिटीचा अंदाज तिथून येतो. दोघांचे आकडे जुळतील अशी आशा ठेवू नका. एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा.

टन की डॉलर

टन. शेठ लोकांना डॉलर आवडतात पण तुलना टनात करा. न्यूयॉर्कच्या वायद्यात मे २०२२ मध्ये रुई पाउंडाला १५० सेंटच्या वर होती आणि त्याच ऑक्टोबरच्या शेवटी जवळजवळ निम्म्यावर आली. तेवढीच रुई घेतली तरी बिल निम्मं, मग डॉलरचा आलेख बघून आयात कोसळली म्हणणार का?

डॉलर मी एकाच कामाला वापरते, चूक पकडायला. किंमत भागिले किलो करा. पाउंडाला ७० सेंटचा बाजार म्हणजे किलोला साधारण दीड डॉलर. तुम्हाला १५ आला तर दशांश सरकलाय. ३ च्या वर आला तर मात्र घाईने चूक म्हणू नका, ती इजिप्तची गिझा किंवा अमेरिकन पिमा असू शकते, लांब धाग्याची महाग रुई. भारत ती मागवतो कारण आपल्याकडे तसा माल फार थोडा होतो. त्यामुळे आपला सरासरी दर व्हिएतनामपेक्षा जास्त दिसला तर आपण महाग घेतो असं नाही, आपण वेगळा माल पण घेतो.

प्रदेशाची बेरीज उघडून बघा

बेरीज केली की तो आकडा एकदा फोडा. आग्नेय आशिया म्हणजे ११ देश, पण रुईच्या हिशोबात व्हिएतनाम एकटाच गेले काही हंगाम ६५ ते ८० लाख अमेरिकन गाठी घेतोय, इंडोनेशिया २० लाखांच्या आसपास, मग थायलंड वगैरे बरेच खाली, आणि ब्रुनेईला रुई कशाला लागणार! म्हणजे 'प्रदेश वाढला' असं तुम्ही लिहिता तेव्हा प्रत्यक्षात व्हिएतनाम वाढलेला असतो. टेबलात प्रदेशाखाली एक ओळ जादा ठेवा, 'त्यातला सर्वात मोठा देश आणि त्याचा वाटा'. एवढ्या एका ओळीने तुमची तुलना दुसऱ्याच्या तुलनेपेक्षा चांगली होते, खरंच सांगते.

मलेशिया-सिंगापूरकडे जरा संशयाने बघा. मलेशियातल्या पोर्ट क्लांगच्या गोदामांत व्यापारी रुई ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळालं की पुढे पाठवतात. तो माल मलेशियाची आयात म्हणून मोजला गेला आणि पुन्हा ज्या देशात गेला तिथेही मोजला गेला तर प्रदेशाच्या बेरजेत दोनदा आला. म्हणून प्रदेशातल्या प्रदेशात झालेला व्यवहार वजा करायचा: पार्टनर हा बहुधा मूळ देश असल्याने नुसती पार्टनरची यादी गाळून भागत नाही, मलेशिया-सिंगापूरने बाकीच्या देशांना केलेली फेरनिर्यात वजा करा. एका देशाच्या आकड्यात हा प्रश्न नसतो, प्रदेशाच्या असतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

सुरुवात कुठल्या वर्षापासून

चीनचं उदाहरण बघा. २०११/१२ मध्ये त्याने सरकारी साठ्यासाठी धडाधड खरेदी केली तेव्हा आयात ५० लाख टनांच्या वर होती, २०१५/१६ मध्ये १० लाख टनांच्याही खाली. कुठून सुरुवात करता त्यावर तुम्ही चीन संपला असंही सिद्ध करू शकता आणि चीन उसळला असंही. आपलंही तसंच, २०२३-२४ मध्ये १५ लाख गाठींच्या आसपास आणि पुढच्याच हंगामात ४१ लाख, म्हणजे १७० टक्के वाढ, बातमीला एकदम झकास मथळा. निदान १० वर्षं घ्या आणि तीन-तीन वर्षांची सरासरी मांडा.

आयात एकटी काही सांगत नाही

आता ते टिक करून ठेवलेले उत्पादन आणि वापराचे कॉलम काढा. आयात भागिले मिलचा वापर, एवढंच करा. आपल्या मिल्स वर्षाला ३०० लाखांहून जास्त गाठी खातात, म्हणजे ४१ लाख आयात झाली त्या गाजलेल्या वर्षीसुद्धा ती १३ टक्क्यांच्या आसपास, आदल्या वर्षी ५ टक्के. व्हिएतनाममध्ये रुई पिकतच नाही म्हटलं तरी चालेल, तिथे हे प्रमाण जवळजवळ १०० टक्के. त्यांची आयात म्हणजे त्यांची सूतगिरणी किती चालली त्याचं माप, आणि त्यातलं बरंचसं सूत चीनला जातं. आपली आयात म्हणजे पीक कमी आलं का, हमीभावामुळे इथली रुई बाहेरच्यापेक्षा महाग पडली का, ड्युटी होती की नव्हती, आणि लांब धागा किती लागला या सगळ्याचं कडबोळं. एकाच नावाचे दोन आकडे, आणि दोन वेगळ्याच गोष्टी मोजतात.

दरडोई वगैरे काढायच्या भानगडीत पडू नका. भारताचं माणशी अर्धा किलो येतं आणि व्हिएतनामचं १७ किलो, पण ते १७ किलो काही तिथली माणसं अंगावर घालत नाहीत.

तर माझं शेवटचं टेबल असं झालं: वर्षं आडवी, आणि उभ्या ओळी भारत टन, आग्नेय आशिया टन, त्यातला व्हिएतनामचा वाटा, भारताचं आयात-वापर प्रमाण, प्रदेशाचं आयात-वापर प्रमाण. खाली बारीक अक्षरात वर्ष कुठलं, कोड कुठला, यादी कुणाची, डाउनलोड कधी. एका पानात बसलं. प्रिंट काढून शेठच्या टेबलावर ठेवलं, त्यांनी बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं, मान डोलावली आणि म्हणाले, "छान, पण खंडीत किती होतात?"

म्हणून सांगते, टनांच्या शेजारी खंडीचा कॉलम आधीच टाकून ठेवा. बाजाराची खंडी ३५५.६ किलोची, टनाला ०.३५५६ ने भागायचं. आपले ६.९७ लाख टन म्हणजे १९.६ लाख खंडी.